लग्नानंतर नवरा-बायकोने आपसात केलेला करार टिकतो का?

चिंचवडची_लेक
जाणकारांनी जरा सांगा. नवऱ्याने शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये बराच पैसा घालवला, तोही पर्सनल लोन काढून, मला कळलं ते वसुलीवाल्यांचे फोन यायला लागल्यावर. आता सगळं बंद केलंय म्हणतो आणि स्वतःहूनच म्हणाला की तुझा विश्वास नसेल तर लिहून देतो. मित्राच्या ओळखीच्या वकिलाने पाचशेच्या बाँडवर मसुदा दिलाय. पहिलं दीड पान आमची कधी कशावरून भांडणं झाली तेच, मग तीन कलमं, तो परत ट्रेडिंग करणार नाही, केलंच तर फ्लॅट माझा होईल, आणि उद्या वेगळे झालो तर मी पोटगी मागायची नाही. फ्लॅट एकट्या त्याच्या नावावर आहे, हप्ता मात्र कित्येक वर्षं माझ्या पगारातून जातोय. नोटरी केली की झालं म्हणतात. खरंच होतं का? आईला विचारलं तर ती म्हणे नवरा-बायकोत कसले कागद करता.

सातारची_सून
कोर्टात टिकायचं सोड गं, घरात टिकला तरी पुष्कळ. माझ्या नणंदेच्या नवऱ्याने पोलिसांच्या समुपदेशनात दारू सोडतो म्हणून लिहून दिलं, दोन साक्षीदार, सही-शिक्का सगळं, नणंदेने तो कागद लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय आणि बाटली त्याच कपाटामागे सापडते. पण तुझा नवरा स्वतःहून म्हणतोय ना, मग लोखंड गरम आहे तोवर फ्लॅटचं काय ते उरकून घे.

काळा_कोट
फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करतो म्हणून सविस्तर लिहितो. ताई, हिंदू विवाह कायद्यात अशा कराराची सोयच नाही, त्यामुळे तुमचा बाँड १८७२ च्या करार कायद्यावर घासून बघावा लागतो, आणि तिथे तिसरं कलम सरळ बाद होतं. पोटगीचा हक्क आधीच सोडून देणं हे सार्वजनिक धोरणाच्या विरोधात धरतात, कोर्टं ते मानत नाहीत. पण म्हणून सही करून टाकू नका, उद्या तोच कागद दाखवून समोरचा वकील तुम्हाला दोन-चार तारखा घुमवेल.

दुसरं कलम ऐकायला छान आहे. ‘ट्रेडिंग केलं तर फ्लॅट माझा’ असं नोटरीच्या शिक्क्याने होत नाही, स्थावर मिळकत दुसऱ्याच्या नावावर जायला रजिस्टर दस्त लागतो. आणि ते भांडणांचं दीड पान आधी काढा! नात्यातल्या प्रेमापोटी लिहून रजिस्टर केलेलं वचन मोबदला नसतानाही कायदा मानतो, पण १९०० साली कलकत्ता हायकोर्टात राजलखी देवीच्या केसमध्ये नवऱ्याने बायकोला पैसे द्यायचं रजिस्टर करून दिलं होतं, दस्तातच त्यांच्या भांडणांचा पाढा होता, कोर्ट म्हणालं यात प्रेम कुठे दिसतंय, आणि बाई हरली. पहिल्या कलमाचा उपयोग पुरावा म्हणून तेवढा, त्याने पैसे घालवल्याची कबुली लेखी राहते.

मी तुमच्या जागी असतो तर पुढची वचनं बाजूला ठेवून आज अर्ध्या फ्लॅटचं बक्षीसपत्र करून घेतलं असतं. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणी वेगळी. दोन साक्षीदार लागतात, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचं, मग इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव. फ्लॅटचं लोन चालू आहे म्हणून आधी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र), बहुतेक तुम्हाला सहकर्जदार करून घेतील. गिफ्टवर तुम्हाला टॅक्स नाही, फक्त फ्लॅट भाड्याने दिलात तर तुमच्या हिश्श्याचं भाडंही नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

एक धोका आहे तो नीट वाचा. पर्सनल लोन थकलेलं असताना केलेलं बक्षीसपत्र कर्ज देणाऱ्यांना चुकवायला केलं असं दिसलं तर ते रद्द करून मागू शकतात. म्हणून आधी त्या लोनची व्यवस्था, मग दस्त. तुमची सही नसेल तर ते कर्ज तुमच्यावर येत नाही, वसुलीवाल्यांना तसं तोंडावर सांगा. आणि तुमचे हप्ते तुमच्या खात्यातून गेल्याची स्टेटमेंटं आजच काढून ठेवा.

म्हापसेकर
गोव्यात हा घोळ वेगळ्या तऱ्हेचा आहे. आमच्याकडे अजून १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, लग्नाआधी काही लिहिलं नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी, आणि बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. पण वेगळं काही ठरवायचं तर ते लग्नाच्या आधीच, नंतर दोघांनी मिळून ठरवलं तरी बदलत नाही. बदल नाही म्हणजे असा फसवा बाँडपण नाही.

चिंचवडची_लेक
@काळा_कोट खूप खूप धन्यवाद. पोटगीचं कलम काढा म्हटलं तर नवरा म्हणतो ते मला माहीतच नव्हतं, वकिलाने आपणहून घातलं. असेलही. बक्षीसपत्राला तयार आहे, सासूबाई नाहीत. त्यांची सही लागेल का? अजून एक, आम्ही काही दिवस वेगळं राहून बघावं असं त्याची बहीण सुचवतेय, तेही लिहून घ्यायचं का?

काळा_कोट
फ्लॅट त्याच्या स्वकमाईचा असेल तर आईच्या सहीचा प्रश्नच येत नाही. वेगळं राहायचं झालं तर ‘दोघांच्या संमतीने वेगळे राहत आहोत’ असं कुठेही, व्हॉट्सॲपवरसुद्धा, लिहून देऊ नका. संमतीने वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी नाकारायची तरतूद कायद्यात आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ मध्येही आहे.

जाता जाता, त्याचा टर्म इन्शुरन्स नवा काढणार असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम तुमची आणि मुलांची, कर्ज देणाऱ्यांना हात लावता येत नाही. पॉलिसी घेतानाच तो फॉर्म भरायचा असतो, चालू पॉलिसीला मागाहून जोडून मिळत नाही.