मॅचच्या दिवशी पोरगा ओकतो, फुटबॉल बंद करू का?

सेंटरबॅकची_आई: मुलगा १५ वर्षांचा, अकॅडमीत खेळतो. प्रॅक्टिसला उड्या मारत जातो पण मॅचच्या दिवशी सकाळी पोटात कळ, बाथरूममधून बाहेरच येत नाही, मागच्या रविवारी तर बूटाची लेस बांधता बांधता ओकला. डॉक्टरांनी पोट तपासलं, सगळं नॉर्मल. मध्ये गुडघ्यामुळे सहा आठवडे बाहेर होता, त्यानंतर सुरू झालंय हे. कोच म्हणतात त्याला जरा खंबीर करा, आमचे हे म्हणतात वय आहे, जाईल. बंद करू म्हटलं की रडतो. काय करू?

जुना_गोली: ताई, लगेच बंद नका करू. पेर मर्टेसाकर माहितीये? जर्मनीचा सेंटरबॅक, म्हणजे मधला बचावपटू, २०१४ चा वर्ल्ड कप जिंकलेला, देशासाठी १०४ मॅच. त्याने २०१८ मध्ये स्वतः सांगितलं की मॅच सुरू व्हायच्या आधी त्याला ओकारी यायची, कोणाला दिसू नये म्हणून मान वळवायचा, वर जुलाब वेगळेच. २००६ ला वर्ल्ड कपची सेमीफायनल हरल्यावर वाईट वाटलं पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं म्हणे. आता याला काय खंबीर करणार! पोराला हे सांगा, बरं वाटेल.

अंडर१६_कोच: गुडघ्याचं लिहिलंत ते महत्त्वाचं. पाय बरा झाला की आम्ही लोक फिट म्हणून उतरवतो, पण तोवर जागा दुसऱ्याने घेतलेली असते, ग्रुपवर मॅचचे फोटो येत असतात आणि हा घरी बर्फ लावून बसलेला. फिफप्रो म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलपटूंची जागतिक संघटना, त्यांच्या २०१५ च्या अभ्यासात तीन किंवा जास्त मोठ्या दुखापती झालेल्यांमध्ये मानसिक त्रास दोन ते चार पट जास्त दिसला होता, ते मोठे प्रोफेशनल होते हे खरं, पण पोरांच्या मनाला कमी लागतं असं थोडीच आहे. कोचला सांगून आधी वीसच मिनिटं खेळू द्या. झोप, जेवण, मित्र सुटायला लागले तर मदत घ्यायला थांबू नका, आणि जगायचं नाही वगैरे बोलला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि एक विचारू, मॅचनंतर गाडीत कोण बोलतं?

बेंचवरचा_भाऊ: कोचला अजिबात सांगू नका. माझ्या धाकट्याने सांगितलं तर पुढचे चार महिने बेंचवर.

अंडर१६_कोच: होतं असं, खोटं नाही बोलणार. मग आधी सायकॉलॉजिस्टकडे जा, कोचला काय आणि किती सांगायचं ते तिथे पोराला विचारून ठरवा. ब्राझीलचा स्ट्रायकर रिचार्लिसन, त्यालाही आधी सायकॉलॉजिस्टकडे जाणं हे वेड्यांचं काम वाटायचं, २०२२ च्या वर्ल्ड कपनंतर मात्र त्यानेच जीव वाचला असं तो म्हणाला.

सेंटरबॅकची_आई: गाडीत आमचे हेच बोलतात. पाऊण तास, एकेक चुकलेला पास काढून. तो मागे हेडफोन लावून बसतो, मला वाटायचं गाणी ऐकतोय. काल विचारलं तर म्हणाला चालू नसतात. शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतलीय, यांनाही नेणार आहे.