मदत हवी आहे : जुन्या पूरखुणा आणि हललेली गावठाणं

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक भागात देवळाच्या भिंतीवर, घाटाच्या पायरीवर किंवा वाड्याच्या दगडावर पुराची खूण कोरलेली असेल तर कृपया कळवा. २००५, २०१९, २०२१ चे पूर नोंदलेले आहेत, खरी गरज त्याआधीच्या खुणांची. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठी गावठाण वर का सरकलं, हे त्यावरूनच कळेल.

फोटोत टेप उभी धरा. उंची रस्त्यापासून मोजू नका. काँक्रीटचे थर चढून रस्ता वर आलेला असतो आणि खूण खोटीच बुटकी दिसते. देवळाचा मूळ उंबरा किंवा पुलाचा कठडा धरा. भिंतीवरची ओल तर मुळीच मोजू नका, ती पाण्याच्या पातळीपेक्षा वर चढते. बंद खोलीतली गाळाची रेघ सर्वांत विश्वासाची, कारण तिथे लाटा नसतात. खुणेवर चुना फासला असेल तर खरवडू नका, तिरप्या उजेडात फोटो घ्या.

आणखी एक : १८७६–७८ च्या दुष्काळात ओस पडलेल्या वाड्या-वस्त्यांचे मोडी कागद कुणाकडे आहेत का? आणि गावठाण हलवल्याचे जुने कन्नड कागद वाचून देणारं कुणी?