मदत हवी आहे: आठवीची शेकडेवारी, सूट दिल्यावरच्या किमतीवरून छापील किंमत काढताना लेक हमखास चुकते

निंबोणी:
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. सातवीपर्यंत गणिताचं रडगाणं कधी नव्हतं. ‘सूट व कमिशन’ सुरू झालं आणि रात्रीच्या जेवणाआधी आमचं रोजचं एक भांडण ठरलेलं.

आकडेमोड तिला येते, हे आधीच सांगते. ८५० चे १२ टक्के विचारले तर १०२ तोंडी सांगते. मला कागद लागतो. गाडी अडते ती अशा गणितात:

‘दुकानदाराने छापील किमतीवर २०% सूट देऊन साडी ९६० रुपयांना विकली. तर छापील किंमत किती?’

ती ९६० चे २० टक्के काढते, १९२. ते ९६० मध्ये मिळवते. उत्तर ११५२. पुस्तकात मागे उत्तर आहे १२००. मी म्हटलं चुकलं, तर म्हणते, “का? वीस टक्के काढले होते, वीस टक्के परत घातले. झालं की.” खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. नवरा लगेच क्ष मानून समीकरण मांडतो. ती मुकाट्याने उतरवून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ११५२ च्या वाटेला जाते.

क्लासमध्ये सूत्र दिलंय: विक्री किंमत गुणिले १००, भागिले (१०० वजा सूट). ते तिने घोकलं. मग सरावात आलं, ‘१८% जीएसटीसह मिक्सरची किंमत ११८० रुपये, तर कर लागण्याआधीची किंमत किती?’ इथेही तेच सूत्र लावून भागिले ८२, उत्तर १४३९ रुपये २ पैसे. कर लागण्याआधी वस्तू महाग आणि कर लागल्यावर स्वस्त! तिला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी आहे. काय करू?

घाटमाथा:
ताई, एवढं मनावर घेऊ नका. सूट असेल तर १०० मधून वजा, कर किंवा नफा असेल तर १०० मध्ये अधिक. दोन सूत्रं एका कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा आणि पन्नास गणितं करून घ्या. आम्ही असंच शिकलो.

निंबोणी:
कागद चिकटवलेला आहे हो. दोन्ही सूत्रं आहेत त्यावर. कोणतं कधी लावायचं तेच कळत नाही तिला.

जुनी_पाटी:
निंबोणी, मी निवृत्त शिक्षिका. सहावी ते आठवीला बरीच वर्षं गणित शिकवलं. तुमच्या लेकीची चूक दरवर्षी निम्म्या वर्गाची असायची, आणि ती करणारी मुलं बहुतेक वेळा हुशार असायची. तेव्हा आधी भांडण मिटवा.

आज ‘चुकलं’ म्हणू नका. तिचं ११५२ खरं धरा आणि तिलाच दुकानदार करा. साडीवर ११५२ छापलेत, मला वीस टक्के सूट दे. ती ११५२ चे २० टक्के काढेल, २३० रुपये ४० पैसे. उरले ९२१.६०. साडी तर ९६० ला विकली होती. इथे तुम्ही गप्प राहायचं. मुलाने स्वतः पकडलेली चूक त्याच्या लक्षात राहते, आपण दाखवलेली राहत नाही.

आता ही चूक येते कुठून ते सांगते. आपण मराठीत टक्के सांगताना मूळ रक्कम आधी सांगतो: बाराशेचे वीस टक्के. ‘चे’ ज्या आकड्याला चिकटतो तो आकडा म्हणजे शंभर टक्के. पण पुस्तकातलं वाक्य असतं ‘२०% सूट देऊन’. त्यात ‘चे’ गिळलेला असतो. मुलं मग समोर दिसेल त्या आकड्याला ‘चे’ लावून मोकळी होतात, आणि या गणितात रुपयांचा आकडा समोर एकच आहे, ९६०. बिचारीने त्याला लावला. तुमची सेमीची, म्हणजे ती हे इंग्रजीत वाचणार. तिथे टक्के आधी येतात आणि ‘ऑफ’ (of, म्हणजे आपला ‘चे’) त्यांच्यामागून, तोही बरेचदा नसतोच.

म्हणून आधी पेन खाली ठेवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: कशाचे? सूट कशाची? छापील किमतीची. नफा कशाचा? खरेदी किमतीचा. जीएसटी कशाचा? कर लागण्याआधीच्या किमतीचा. व्याज? मुद्दलाचं. ज्याचे, त्याच्या डोक्यावर १०० लिहायचे. ती रक्कम माहीत नसेना का, १०० तरी लिहायचे.

मग पट्टी. कागदावर आडवी पट्टी काढा, वरच्या कडेला टक्के, खालच्या कडेला रुपये. डावीकडे वर-खाली दोन्ही शून्य. उजव्या टोकाला वर १००, खाली प्रश्नचिन्ह. सूट गेल्यावर उरले ८०, त्याच्या खाली ९६०. आता १० च्या खाली काय? ९६० चा आठवा भाग, १२०. यापुढे सांगावं लागत नाही, बाराशे ती स्वतःच लिहील.

मिक्सरच्या गणितात हीच पट्टी शंभराच्या पुढे वाढवायची. ११८ च्या खाली ११८०. थोडा वेळ अडेल, कारण शंभर म्हणजे परीक्षेतले गुण आणि त्यापुढे काही नसतं, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पट्टीवर मात्र ‘कर लागण्याआधी १४३९’ लिहिताच येणार नाही, कारण १०० हा ११८ च्या डावीकडे आहे.

घाटमाथा:
बाई, पटलं. पण परीक्षेत पट्ट्या काढत बसायला वेळ कुठे असतो?

जुनी_पाटी:
पहिली दहा-बारा गणितं काढायची. नंतर पट्टी डोक्यात राहते. तुमचं सूत्र त्या पट्टीचंच एका ओळीतलं रूप आहे, ते तेव्हा खुशाल वापरावं.

गल्ल्यावरचा:
माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, म्हणून लिहितो. ही चूक फक्त आठवीतली मुलं करतात असं समजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे. शर्टाची करासकट किंमत १०५०. नवीन पोराला विचारलं, यात कर किती? त्याने १०५० चे ५ टक्के काढले, साडेबावन्न. कर आहे पन्नास, कारण ५ टक्के हजाराचे. अडीच रुपयांचा फरक, पण दिवसाला पन्नास शर्ट गेले तर हिशेब जुळेल का?

आणि गिऱ्हाईक! ८०० ला घेतलेला माल २५ टक्के चढवून हजाराला लावला. गिऱ्हाईक म्हणतं, “पंचवीस चढवलेत ना, मग पंचवीस सोडा, तुमची मुद्दल तर सुटेल.” हजाराचे २५ टक्के सोडले तर हातात ७५०. मुद्दल कुठली सुटते, पदरचे पन्नास जातात. ८०० वर परत यायला २० टक्केच सोडायचे असतात. मुलीला हे गणित नक्की घाला.

बांधावरची:
थोडं अवांतर. आमच्या बचत गटात ‘दोन टक्के’ म्हणजे महिन्याला दोन. माझ्या भाच्याने ते वर्षाचे समजून हजार रुपयांचं वर्षाचं व्याज वीस रुपये काढलं, आणि गटाच्या सगळ्या बायका हसल्या. पुस्तकातलं द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा, हे त्याला कोणी फोडून सांगितलंच नव्हतं. त्याला वाटायचं गणितातलं एखादं चिन्ह असेल. तेव्हा बाईंच्या ‘कशाचे’ला जोडून ‘किती दिवसांचे’ हेही विचारा.

जुनी_पाटी:
हे अवांतर मुळीच नाही. पूर्वी व्याजाचे व्यवहार या चार अक्षरांवर चालायचे, आणि आता मुलं ‘दसादशे’ एका दमात म्हणून पुढे जातात.

निंबोणी:
मंडळी, तीन दिवसांनी येतेय.

बाईंनी सांगितलं तसंच केलं. ९२१.६० आल्यावर ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे आधीचे वीस टक्के मोठे होते.” मी पुढे काही बोलले नाही, पोळ्या लाटायला गेले. पट्टी आवडलीय. साडी, मिक्सर, गल्ल्यावरच्या दादांचा शर्ट, तिन्ही बरोबर आले. दादांच्या गिऱ्हाइकाचं गणित तिने बाबाला घातलं आणि बाबा चुकला, त्यामुळे घरात सध्या उत्साहाचं वातावरण आहे.

पण आता नवीन अडचण. सेलच्या पाटीवर होतं, ‘२०% सूट, त्यावर आणखी १०% सूट’. ती म्हणते तीस टक्के. त्याच बाराशेच्या साडीसाठी पट्टीवर १०० मधून ३० वजा केले, ७० च्या खाली ८४० लिहिले. पट्टी असूनही चुकली!

जुनी_पाटी:
कारण पट्टी एकच काढली. दुसरी सूट कशाची? बाराशेची नव्हे, ९६० ची. म्हणजे आता ९६० च्या डोक्यावर १०० लिहून नवी पट्टी. त्याचे १० टक्के ९६, उरले ८६४. एकूण सूट ३३६ रुपये. ही मूळ बाराशेची किती? २८ टक्के. ‘त्यावर’ हा शब्द तिला अधोरेखित करायला लावा. ‘चे’ त्यातच लपलाय.

गल्ल्यावरचा:
तीस लिहिलं असतं तर ८४० ला द्यावं लागलं असतं. त्या ‘त्यावर’चे आमचे चोवीस रुपये सुटतात. :)

निंबोणी:
केलं, जमलं. पण ती तिथेच थांबली नाही. आधी १० टक्के आणि मग २० टक्के सूट दिली तर दुकानदाराचा जास्त फायदा होईल, असं तिला वाटलं. करून पाहिलं: १२०० चे १०८०, त्यातून २१६ गेले, पुन्हा ८६४! आता विचारते, दुसऱ्या पट्टीला शंभर वेगळे होते, मग उत्तर तेच कसं? बाबा म्हणतो योगायोग. चाचणी परवावर आलीय आणि ही यातच अडकून बसलीय. काय सांगू?

जुनी_पाटी:
बाबाला म्हणावं योगायोग नाही. तिला एवढंच लिहून द्या: २० टक्के सूट म्हणजे दहातले आठ भाग उरले, १० टक्के सूट म्हणजे दहातले नऊ. १२०० × ८/१० × ९/१०. मग ८ आणि ९ ची जागा बदलायला सांगा. ती काय म्हणते ते चाचणी झाल्यावर इथे लिहा.