आई-आप्पांना घेऊन क्विटोला जायचंय, माहिती पाहिजे

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. ताई आणि दाजी दाजींच्या नोकरीमुळे इक्वाडोरच्या राजधानीत, क्विटोला राहायला गेलेत आणि आता आई-आप्पांना घेऊन या म्हणून मागे लागलेत. आप्पा ६६ चे, बीपीची गोळी चालू आहे, आई पूर्ण शाकाहारी. इथल्या मे महिन्याच्या उन्हातून सुटका होईल म्हणून मे मध्येच जावं असं डोक्यात आहे. पण गाव विषुववृत्तावर म्हणतात, म्हणजे तिथंही भाजून निघणार का? शहरात काय बघण्यासारखं आहे, आईच्या जेवणाचं कसं करायचं, आणि आप्पांना झेपेल का, हे जरा सविस्तर सांगा की.

होटगी_रोड
मी कामानिमित्त तिथं राहून आलोय. पहिली गोष्ट, भाजून बिजून काही निघत नाही, उलट स्वेटर लागतो. क्विटो २,८५० मीटरवर आहे आणि आपलं सोलापूर पाचशेच्याही खाली, त्यामुळं वर्षभर दिवसा १९-२० डिग्री आणि रात्री १० च्या आसपास. पण ऊन मात्र कडक, हवा विरळ असल्यामुळं थंडी वाजत असतानाच कातडी जळते, टोपी आणि सनस्क्रीन दोन्ही घ्याच. मे मध्ये तिथं अजून पाऊस असतो, सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी धो धो. जमत असेल तर जून अखेर ते ऑगस्ट बघा.

उंचीचं मात्र हलक्यात घेऊ नका. विमानतळ शहरापासून लांब पूर्वेला ताबाबेलाला आहे, २०१३ ला झाला, साधारण २,४०० मीटरवर, तिथून गाडी वर चढत चढत शहरात येते. पहिले दोन-तीन दिवस घरीच राहा, हलकं जेवा, पाणी भरपूर प्या, जिने दमानं चढा. डोकं दुखणं, धाप लागणं हे तरण्याताठ्यांनाही होतं. पिचिंचा डोंगरावर जाणारा रोपवे आहे, तेलेफेरिको म्हणतात, तो जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. शहर वरून लई भारी दिसतं पण ते आठवड्याच्या शेवटी ठेवा, आणि आप्पांचं आधी डॉक्टरांना विचारून.

बघायचं म्हणाल तर जुनं शहर, सेन्ट्रो हिस्तोरिको. युनेस्कोनं १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिलीच यादी काढली त्यात क्विटो होतं. त्यातही ला कोम्पान्यिया हे चर्च चुकवू नका. बाहेरून करडा कोरीव दगड, आणि आत पाऊल टाकलं की खांब, कमानी, छत सगळीकडं सोन्याचा वर्ख. १६०५ ला बांधायला घेतलं आणि पूर्ण व्हायला १७६५ उजाडलं. कोपऱ्यातल्या बाकावर बसून सावकाश बघा, लाकडावर नक्षी इतकी बारीक आहे की एका खांबालाच अर्धा तास पुरत नाही. बसिलिका देल वोतो नासियोनाल हे दुसरं मोठं चर्च, त्याच्या भिंतीबाहेर युरोपातल्या जुन्या चर्चवर असतात तशा राक्षसांऐवजी इक्वाडोरचेच प्राणी कोरलेत, कासव, इग्वाना म्हणजे मोठा सरडा, आर्मडिलो म्हणजे कवचवाला प्राणी. मनोऱ्यावर जायच्या शिड्या खड्या आहेत, आई-आप्पांनी खालूनच बघावं.

पानेसियो टेकडीवर पंख असलेल्या मेरीचा अॅल्युमिनियमचा मोठा पुतळा आहे. तिथं पायऱ्यांनी चालत अजिबात जाऊ नका, लुटालुटीचे प्रकार होतात, टॅक्सी करा आणि तीच थांबवून ठेवा. जुन्या शहरात अंधार पडल्यावर रेंगाळू नका, बसमध्ये मोबाईल हातात धरू नका. देशात मधून मधून आणीबाणी जाहीर होते, त्यामुळं तिकीट काढायच्या आधी ताजी परिस्थिती दाजींना विचाराच.

मेट्रो छान आहे, डिसेंबर २०२३ पासून चालू, एक स्टेशन थेट सान फ्रान्सिस्को चौकाखाली निघतं. पैसे म्हणजे अमेरिकन डॉलरच, २००० पासून तेच चलन. सुटे ठेवा, मोठी नोट कुणी घेत नाही.

नवीपेठ_मेडिकल
एक महत्त्वाचं राहिलं. इक्वाडोरहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. क्विटोत इतक्या उंचीवर तो ताप नसतो, पण नियम देशाला लागू आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, पुण्या-मुंबईला अपॉइंटमेंट घेऊन जावं लागेल. साठीच्या पुढच्यांना ही लस द्यायची का हे डॉक्टरच ठरवतात, म्हणून आप्पांचं आत्ताच विचारून घ्या, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत.

अशोकचौक_ताई
माझी नणंद तिकडं राहते, जेवणाचं मी सांगते. लोक्रो दे पापा म्हणून बटाट्याचं दाट सूप मिळतं, वर पांढरं चीज आणि अवाकाडो, आईंना नक्की आवडेल, फक्त मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारा. यापिंगाचो म्हणजे चीज घातलेल्या बटाट्याच्या टिक्क्या, त्यावर शेंगदाण्याची पातळ चटणी ओततात, सोलापूरच्या माणसाला आणखी काय पाहिजे! ताटात सोबत सॉसेज येतं ते आधीच नको म्हणायचं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मटण नको, चिकन नको, मासे नको, हे आईंना पाठ करून ठेवा, नुसतं कार्ने नको म्हटलं तर चिकन वाढतात.

घरी करायचं तर ताईकडं प्रेशर कुकर आहे का विचारा, त्या उंचीवर पाणी साधारण ९० डिग्रीलाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासन्तास शिजत नाही. आणि इथला मिक्सर नेऊ नका, तिकडं वीज ११०-१२० व्होल्ट. मोबाईलचा चार्जर चालतो, चपट्या पिनेचा प्लग घ्या. शेंगा चटणी, कडक भाकरी पॅक करून न्या, पण कच्चं बियाणं, फळं, ताजी भाजी नको.

भूगोलाचे_सर
मितद देल मुन्दोला, म्हणजे विषुववृत्ताची खूण केलेल्या जागी, जाच, शहराच्या उत्तरेला तासाभरावर. फ्रेंच शास्त्रज्ञ १७३६ मध्ये पृथ्वीचा आकार मोजायला याच भागात आले होते, त्यांच्या आठवणीसाठी ३० मीटरचं स्मारक आणि जमिनीवर पिवळी रेघ आहे. जीपीएसनं बघितलं तर खरं विषुववृत्त तिथून साधारण २४० मीटर उत्तरेला निघतं, पण त्यांच्या साधनांचा विचार केला तर हे मोजमाप थक्क करणारं आहे. जुलैत गेलात तर भर दुपारी आप्पांची सावली दक्षिणेला पडलेली दिसेल, डिसेंबरात जाणाऱ्याला तीच उत्तरेला. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास दुपारी सावली पायाखाली गुडूप, जशी आपल्याकडं मे मध्ये होते.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार ओ. मे रद्द, जूनच्या शेवटी बघतो. व्हिसा आणि विमानाचं काय?

होटगी_रोड
थेट विमान नाही. माद्रिद किंवा अॅमस्टरडॅमवरून बघा, पण ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकिटाआधी तपासा. अमेरिकेवरून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो. इक्वाडोरच्या व्हिसाचं दिल्लीतल्या दूतावासाकडून लेखी विचारून घ्या, नियम बदलत असतात. आणि दोन विमानांमध्ये चार-पाच तास तरी ठेवा, आप्पांना पळापळ नको.