जुना लॅपटॉप कधी विकलात? कशावरून ठरवलंत?

रानजाई

परवा भाचीचा फोन आला. आर्किटेक्चरला प्रवेश मिळालाय. "मावशी, तुझा तो काळा लॅपटॉप अजून आहे का गं? मला विकत दे ना." कपाटाच्या वरच्या फळीवरून काढला, चार्जर लावला, आणि झाला की चालू! वॉलपेपरवर लेकीच्या बालवाडीच्या गॅदरिंगचा फोटो, डोक्यावर पुठ्ठ्याचं गाजर. बघतच बसले.

२०१६ चा आहे, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. लेक लहान असताना अनुवादाची कामं घेतली ती सगळी याच्यावर. रात्री ती झोपली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून उभ्यानेच टाइप करायचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे हा बाद. गिऱ्हाईक बघितलं तर जेमतेम एका महिन्याच्या वाणसामानाएवढे पैसे देत होते. मन होईना, ठेवून दिला.

भाचीला नाहीच म्हणाले, इमारतींचे आराखडे काढायचं रेव्हिट त्याच्यावर उघडणारसुद्धा नाही. पण तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. तुम्ही कधी म्हणालात की आता बास? नेमकं कशावरून ठरलं? लिहा सगळ्यांनी.

सह्यकडा

मस्त धागा. आमच्याकडे बाबांचा २०१४ चा होता. चालू करून अंघोळीला जायचे, आल्यावर लॉगिन. सगळे म्हणत होते विका आता. मी लॅमिंग्टन रोडला नेला. दुकानातल्या मुलाने मागचं झाकण उघडून दाखवलं, ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. म्हणाला, "साहेब, मशीन ठणठणीत आहे, हीच रडतेय." तिच्या जागी २.५ इंची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाकली, डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी डिस्क बसवली. बाबा पहिल्यांदा चालू करून म्हणाले, "अरे, हा बंदच झाला नव्हता का?"

माझं स्पष्ट मत, आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर 'स्लो झाला' म्हणून कुणीही लॅपटॉप विकू नये. विकत घेणारा एसएसडी टाकतो आणि दुप्पट भावाने पुढे विकतो.

कोकणवारा

+१ एसएसडीला. आमच्याकडे मात्र निर्णय पाऊस घेतो. रत्नागिरीत जुलैमध्ये कपाटात बुरशी येते तिथे मदरबोर्डचं काय. आधी यूएसबी पोर्ट हिरवे पडतात, मग कीबोर्डवरचा एखादा 'अ' जातो. पोर्ट जायला लागले की गणपतीच्या आधी विकून मोकळं व्हायचं, हा आमचा नियम. लॅपटॉपच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटाच्या खोक्यात येतात त्या फेकू नका. पोरं झोपलीयेत, नंतर लिहिते.

अक्षरजुळारी

माझं वेगळंच आहे. मी डीटीपी करतो, दिवाळी अंक, स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल. माझ्याकडे विंडोज एक्सपीचा लॅपटॉप अजून चालू आहे आणि मी तो विकणार नाही, कुणी कितीही दिले तरी.

कारण पेजमेकर, पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर. २००१ च्या ७.० नंतर पुढची मोठी आवृत्ती आलीच नाही, पण गावोगावच्या छापखान्यांत मराठी त्याच्यावरच जुळलं. माझं सगळं जुनं काम पेजमेकर आणि श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहे. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे नाहीत. लोक म्हणतात, कन्व्हर्टर आहेत की. आहेत, वापरतो. पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं, जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरावर वेलांटी आणि वर रफार असा शब्द आला की कन्व्हर्टर गडबडतो. 'मूर्ती', 'कार्तिकी', 'वर्धिष्णू' असले शब्द एकेक डोळ्याने तपासावे लागतात. देवस्थानच्या अहवालात 'मूर्ती' चुकून कसं चालेल?

नवीन कामासाठी इनडिझाइन आणि युनिकोड. त्यासाठी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा मुलगा म्हणाला, जुना देऊन टाका. मी त्याला एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची फाइल उघडून दाखवली. त्यातले निम्मे लेखक आता हयात नाहीत. ती फाइल जशीच्या तशी फक्त याच मशीनवर दिसते. त्यानंतर तो परत बोलला नाही.

एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला, म्हणून हे मशीन नेटला कधीच जोडत नाही. पीडीएफ काढायची आणि पेनड्राइव्हने हलवायची, तोही आधी स्कॅन करून.

रानजाई

अक्षरजुळारी, वाचून गलबललं. त्या सगळ्या फाइल्सच्या पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवा हो, कळकळीची विनंती. मशीन कधीही दगा देऊ शकतं.

अक्षरजुळारी

चालू आहे, रोज रात्री थोड्या करतो. ९० च्या दशकातल्या काही अजून बाकी आहेत.

इसारवासी

म्युनिकहून परत येताना विकला. तिथल्या कीबोर्डवर वाय आणि झेड उलटे आणि उजवीकडे ä, ö, ü ची बटणं. पुण्यात आणून विकायचा म्हटलं तर कोण घेणार? तिथे मात्र एका विद्यार्थ्याने दोन दिवसांत नेला, बिल आणि मूळ खोकं होतं म्हणून घासाघीस केली नाही. परदेशातून परतणाऱ्यांनी निघायच्या आधीच विकावा. भारतात येताना प्रौढ माणशी एकच लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो, त्यामुळे नवा आणि जुना दोन्ही बॅगेत घालून निघू नका.

मीठभाकर

इसारवासी, तुम्ही पुण्यात कुठे आलात? आम्हीही फ्रँकफर्टहून गेल्या वर्षी परतलो. मुलांच्या शाळेचं काय केलंत? विपु (विचारपूस, म्हणजे व्यक्तिगत निरोप) करते.

इसारवासी

बाणेर. करा विपु, सविस्तर सांगतो.

हिशेबनीस

व्यवसायासाठी लॅपटॉप वापरणाऱ्यांनी हे बघा. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा मिळतो, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. ६०,००० चा लॅपटॉप वर्षाने कागदावर ३६,०००, दुसऱ्या वर्षी २१,६००, तिसऱ्या वर्षी १२,९६०. पहिल्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापर झाला तर निम्माच घसारा. जीएसटी नोंदणी असेल तर खरेदीवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळतं.

मी अशिलांना सांगतो, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाजारात काय मिळतंय ते बघा. वॉरंटी थोडी उरलेली असताना भाव बरा येतो. ती संपली आणि बिजागरी कुरकुरायला लागली की घेणारा प्रत्येक फटीत बोट घालून किंमत पाडतो. कामाचं यंत्र आहे, त्याच्यात जीव अडकवून चालत नाही. अक्षरजुळारींची गोष्ट वेगळी, तिथे जीव अडकायलाच हवा.

चाफेकळी१२

मॅकवाले कोणीच नाही? मी लिहिते. माझा इंटेलवाला मॅकबुक प्रो. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आला आणि ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवा एअर मी मांडीवर घेऊन बघितला. गार! त्यात पंखाच नाही. माझ्या मॅकवर व्हिडिओ कॉल लावला की विमान उडायच्या बेतात. त्याच आठवड्यात ठरवलं, भाव पडायच्या आत विकायचा. चांगली किंमत आली. पुढे जून २०२५ मध्ये ॲपलने सांगूनच टाकलं की मॅकओएस २६ 'ताहो' ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती, आणि तीसुद्धा मोजक्याच इंटेल मॉडेलना.

कंपनी प्रोसेसरचं घराणंच बदलते तेव्हा थांबू नये, एवढंच मला कळतं. आणि देण्याआधी आयक्लाउडमधून साइन आउट करा, 'फाइंड माय' बंद करा. नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे घेणाऱ्याला तो वापरताच येत नाही, मग रात्री-अपरात्री फोन येत राहतात.

खाडीपलीकडे

विकताना सांभाळा लोकहो. भावाने जाहिरात टाकली, पाच मिनिटांत फोन. "मैं आर्मी में हूँ, पोस्टिंग है, बिना देखे ले लूँगा." मग क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. वहिनी बँकेत आहे, तिने फोन हातातून काढूनच घेतला. पैसे घ्यायला पिन कधीही टाकावा लागत नाही, घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या. कुणाचे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

शेवटी लॅपटॉप सोसायटीतल्याच एका मुलीने घेतला. समोरासमोर बसून तिने सगळी बटणं दाबून बघितली, वडिलांनी रोख दिले, आम्ही चहा दिला.

तर्री_पोहे

नागपूरवरून. नवीन घ्यायचाच नाही, असंही असते ना. मी कंपन्यांतून निघालेले जुने थिंकपॅड घेतो. पण एक बघजा, टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर दिसायला जुळे भाऊ. पहिल्यात बहुतेक सातवी पिढी, दुसऱ्यात आठवी. म्हणजे एकावर विंडोज ११ अधिकृत चालते, दुसऱ्यावर नाही. दुकानदार दोन्ही एकाच भावात सांगते. स्टिकरवर जाऊ नका, सिस्टिम माहितीत प्रोसेसरचा नंबर वाचा. टी४८० ची मागची बॅटरी तर चालू लॅपटॉपमध्ये बदलता येते.

सह्यकडा

टी४८० ला कडक सलाम. तर्री पोहे कुठले खाता?

तर्री_पोहे

घरचे. बाहेरची तर्री आता डॉक्टरने बंद केली.

फळा_आणि_खडू

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. उशिरा लिहितेय, पेपर तपासत होते.

गावातला एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने कंपनी बदलताना स्वतःचा जुना लॅपटॉप शाळेला दिला. रानजाईंसारखाच, विंडोज ११ न चालणारा. त्यानेच त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकून दिली. मला आधी भीती वाटली, पण पडदा दिसायला सारखाच, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासूनच होता. ई-बालभारतीची पाठ्यपुस्तकं उतरवून ठेवलीत, म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही. चौथीच्या मुलांना मी पाळीपाळीने स्वतःचं नाव टाइप करायला देते. एकीचं नाव ज्ञानेश्वरी. 'ज्ञ' कसा येतो ते सापडलं तेव्हा ती खुर्चीवरून उडी मारून वर्गभर सांगत सुटली.

म्हणून मनापासून सांगते, दोन-तीन हजारांसाठी भंगारात घालू नका. गावच्या शाळेत विचारा. फक्त चार्जरसकट आणि चालू स्थितीत द्या. तुटक्या स्क्रीनचे, बिनचार्जरचे लॅपटॉप शाळेत आणून टाकणारेही भेटलेत, ते आम्ही कुठे दुरुस्त करणार? आणि देण्याआधी स्वतःचे फोटो, कागदपत्रं नीट पुसा. एका मशीनमध्ये देणाऱ्याच्या घरच्या सगळ्यांची आधार कार्डं होती. मी रिसेट करून टाकलं, पण सगळ्याच हातांत तसं होईल असं नाही.

रानजाई

फळा आणि खडू, माझा ठरला! चार्जर आहे, बॅटरी तासभर टिकते. पुसून, मिंट टाकून पाठवते. विपुत पत्ता द्या.

कोकणवारा

किती छान! आमच्या वाडीतल्या शाळेतही विचारते उद्या.

मीठभाकर

जरा अवांतर. आमच्या जुन्या लॅपटॉपचा ट्रॅकपॅड हल्ली दाबलाच जात नाही, एका कोपऱ्यात वर आलाय. दुरुस्तीला किती लागतील? त्यानुसार विकायचा का ठरवते.

सह्यकडा

ताई, आत्ताच्या आत्ता बंद करा. चार्जर काढा. ट्रॅकपॅड नाही, बॅटरी फुगलीये.

तर्री_पोहे

अनुमोदन. दाबून खाली बसवू नका, टोचू नका. गादीवर, सोफ्यावर ठेवू नका, फरशीवर ठेवा. पोरांना दूर ठेवा.

मीठभाकर

बापरे! लेक काल त्याच्यावर कार्टून बघत होता. बंद केला.

निळीशाई

मीठभाकर काळजी नको, वेळेत कळलं. आमच्याकडे हेच झालं होतं.

नवीन घ्यायला निघालेल्यांसाठी, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढलेत. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, कंपन्या तिकडे वळल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आम्ही नवीन घ्यायचं पुढे ढकललं. सध्याच्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा होता, त्यात भाचा वापरत नव्हता ती ८ जीबी बसवली. काम भागलं. स्लॉट आहे की रॅम बोर्डवर डकवलेली आहे, ते विकायचं ठरवण्याआधी नक्की बघा. डकवलेली असेल तर घेताना जेवढी होती तेवढीच जन्मभर.

चाफेकळी१२

रानजाई, भाचीला मॅक घेऊ देऊ नका हं, मी मॅकवाली असून सांगतेय. रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम बघा, जमलं तर वाढवता येईल असं.

रानजाई

बरं झालं सांगितलंत, ती मॅकच बघत होती! आत्ता फोन करते तिला.

मीठभाकर

अपडेट. दुकानात नेला, झाकण उघडल्यावर बॅटरी उशीसारखी टम्म. दुकानदाराने काढून वाळूच्या बादलीत ठेवली, ई-कचऱ्यात देणार म्हणाला. बाकी मशीन ठीक आहे, आठवी पिढी. आता मूळ कंपनीची बॅटरी महाग, दुसरी निम्म्यात. कुठली घालू?

तर्री_पोहे

मूळ कंपनीचीच घाला, बिल घ्या. आठवी पिढी आहे तर अजून दोन वर्षं आरामात वापरता येते. नंतर विकायचा म्हटला तर ते बॅटरीचं बिल दाखवा, भाव चांगला येते.

मीठभाकर

तेच करते. थँक्यू सगळ्यांना.