डेन्ड्रिटिक सेल लस: 'आशेचा बाजार' म्हणणाऱ्यांना उत्तर

निशिगंध: काल इथे एकाने लिहिलं की ब्रेस्ट कॅन्सरवरची डीसी लस, म्हणजे शरीराला कॅन्सर ओळखायला शिकवणाऱ्या डेन्ड्रिटिक पेशींची लस, हा निव्वळ आशेचा बाजार. वाचून राहवेना. पेशंटच्या रक्तातले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढायचे, जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही प्रथिनं घालून आठवडाभर वाढवून त्यांच्या डेन्ड्रिटिक पेशी बनवायच्या, ट्यूमरचं प्रथिन दाखवून परत टोचायच्या, यात बाजार कुठून आला? मायक्रोस्कोपखाली त्या गोल पेशींना फांद्या फुटताना मी रोज बघते. चूक वेळेची होते. सगळे उपाय थकले की लस देतात, तोवर ट्यूमरने टी सेल्सना (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या पेशींना) पार गप्प केलेलं असतं. हर-२ प्रथिन जास्त असलेल्या डीसीआयएसमध्ये (दूधनलिकेच्या आतच असलेला स्तनाचा सुरुवातीचा कॅन्सर) ऑपरेशनआधी दिली तर काही जणींच्या काढलेल्या भागात कॅन्सर सापडलाच नाही.

काळवीट: मूठभर बायका, तुलनेला लस न दिलेला कंट्रोल ग्रुप नाही, आणि डीसीआयएस तर नलिकेबाहेर पडलेलाच नसतो, कित्येकींचा कधी पडणारही नसतो. प्रोस्टेट कॅन्सरवरची अशीच लस, सिप्युल्यूसेल-टी, २०१० ला मंजूर झाली, आयुष्य वाढलं साधारण ४ महिने. गाठी लहान झाल्या का? नाही.

वाटसरू: ४ महिने कमी वाटतात? ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला विचारा. आणि शास्त्रज्ञ स्टाइनमन विसरलात? १९७३ ला डेन्ड्रिटिक पेशी जगापुढे आणल्या, पुढे स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तर याच पेशींची लस स्वतःवर घेतली, साडेचार वर्षं जगले.

काळवीट: ऑपरेशन आणि केमोही घेतली होती त्यांनी, ते सोयीस्कर गाळता. एका माणसावरून काय सिद्ध होतं?

वाटसरू: ज्याने जीव पणाला लावला त्याच्याबद्दल जरा नीट बोला! २०११ चं नोबेल जाहीर झालं त्याच्या ३ दिवस आधी गेला तो माणूस.

काळवीट: आदर आहेच हो. आदर म्हणजे पुरावा नाही, किती वेळा सांगू?

सावली: तुमचं स्टाइनमन चालू दे. माझ्या मावशीला एका क्लिनिकने हीच लस विकली, वर सांगितलं केमो थांबवा, लसीला अडथळा होतो. केमोच्या लाल रंगाच्या औषधाला ती घाबरायचीच, लगेच ऐकलं. प्रत्येक डोसआधी ती गार कुपी दोन्ही हातांत धरून बसायची, माझ्याच पेशी आहेत म्हणायची. पाच महिन्यांत लिव्हरमध्ये पसरला. आम्हाला ट्रायलचा एक कागदसुद्धा दाखवला नव्हता.

निशिगंध: सावली, वाचून पोटात कालवलं. चालू केमो तोडून, पैसे घेऊन देणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही. बाजार म्हणालात ते त्या माणसाला लागू आहे, लसीला नाही.

काळवीट: बरं. सुरुवातीच्या टप्प्यात, कंट्रोल ग्रुप ठेवून, फुकट, तर करा ट्रायल. एवढंच मान्य. स्टाइनमनचं नाही.

सावली: आणि केमो बंद न करता. हे आधी लिहा.