उणे ऐंशीची लस मोटारसायकलवरून

काही जण म्हणतात की उणे ७० अंशांत ठेवावी लागणारी फायझरची कोविडलस गरीब देशात खेड्यापर्यंत नेणं फार खर्चाचं, किंबहुना अशक्यच होतं. खर्चाचा मुद्दा मान्य, ‘अशक्य’ मात्र पटत नाही. कोविडच्या आधीच, २०१८मध्ये, आफ्रिकेतल्या काँगोत इबोला या जीवघेण्या साथीवरची लस पोचली होती, आणि तीही उणे ६० ते उणे ८० अंशांत ठेवावी लागणारी. राजधानी किन्शासाच्या डीप फ्रीजरमधून विमानाने म्बान्डाका शहर, तिथून गाडी नाहीतर मोटारसायकल. लस असायची ‘आर्कटेक’ नावाच्या पिंपात. आपल्या थर्मासचाच मोठा भाऊ म्हणा: दुहेरी भिंत, मध्ये निर्वात पोकळी, आत गोठवलेले खास पॅक, मधोमध लसीच्या कुप्या. वीज नसली तरी चारपाच दिवस थंडावा टिकतो. पण ते पॅक आधी गोठवायला उणे ८०चा फ्रीजर लागतो, त्यासाठी जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. खरं घोडं तिथे अडतं.

शिवाय ही इबोलाची लस वितळल्यावर साध्या फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, दोन आठवडे चालते. म्हणजे शेवटच्या टप्प्याला आपल्या आरोग्यकेंद्रातली नेहमीची शीतपेटीही पुरते. फायझरच्या लसीला सुरुवातीला साध्या फ्रीजमध्ये पाचच दिवस मिळत होते, मे २०२१पासून ते महिनाभर झाले.